चेन आणि स्प्रॉकेट बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटरसायकलचा चेनसेट, म्हणजे चेन आणि ती ज्यांवर फिरते ती पुढची-मागची दातेरी चाकं (स्प्रॉकेट), निवडताना बहुतेकांची सुरुवात ब्रँडपासून होते. खरं तर ब्रँड हा शेवटचा प्रश्न. आधी गाडीला कोणत्या मापाची चेन लागते, कड्या किती, पुढे-मागे दाते किती आणि स्प्रॉकेट बसतं कसं, एवढं कागदावर लिहून घेतलं की निवडीचं मोठं काम संपतं. खालचे प्रश्न त्याच क्रमाने घेतले आहेत, अधूनमधून थोडी वाट वाकडी करून.

चेन बदलायची वेळ झाली हे ओळखायचं कसं?

सगळ्यात सोपी तपासणी हातानेच होते. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा आणि मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला, म्हणजे घड्याळातल्या तीन किंवा नऊच्या जागी, चेन चिमटीत धरून मागे ओढा. चांगली चेन दात्यांना चिकटून राहते, जेमतेम हलते. झिजलेली चेन दात्यावरून उचलली जाते आणि खालून अर्धा दाता उघडा दिसतो. अर्धा दाता दिसला की चर्चा संपली.

नेमकं मोजायचं असेल तर पट्टी किंवा मोठा व्हर्नियर घ्या. चेनच्या खालच्या बाजूला हलकं वजन लावून ती ताठ करा आणि एका पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत अंतर घ्या. मध्ये वीस कड्या येतात. ४२८ मापाच्या नव्या चेनमध्ये हे अंतर २५४ मिलिमीटर असतं, ५२०, ५२५ आणि ५३० मध्ये ३१७.५ मिलिमीटर. किती वाढ चालेल हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं आणि तोच आकडा धरायचा. मॅन्युअल हाताशी नसेल तर साध्या चेनला सुमारे २ टक्के आणि रबरी रिंगवाल्या (खाली येणाऱ्या ओ-रिंग, एक्स-रिंग) चेनला १ टक्का ही कामचलाऊ मर्यादा धरा: ४२८ साध्या चेनला साधारण २५९, ५२० रिंगवाल्या चेनला ३२० च्या थोडं पुढे. तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

मोजमापाशिवायही काही खुणा असतात. अॅडजस्टर (मागचं चाक मागे सरकवून चेन ताणणारा स्क्रू) मागे नेण्याची जागाच उरलेली नाही. चाक फिरवताना चेन एका ठिकाणी घट्ट, दुसऱ्या ठिकाणी ढिली. काही कड्या वाकल्यावर सरळच होत नाहीत. रोलर (दात्यांवर टेकणाऱ्या कडीतल्या छोट्या नळ्या) फुटलेले किंवा गायब. पिनांच्या बाजूने लालसर भुकटी गळतेय. यातलं काहीही दिसलं तर मोजपट्टी काढायचीही गरज नाही.

चेन लांबते कशामुळे? कड्यांच्या बाजूच्या पट्ट्या ताणल्या जातात का?

नाही. पट्ट्या जवळपास तशाच राहतात. झिजतात त्या पिना आणि त्या ज्यात फिरतात त्या बुश. प्रत्येक कडीत केसभर जागा वाढते आणि शंभरावर कड्यांची मिळून ती डोळ्यांना दिसते. ११८ कड्यांची ४२८ चेन जवळजवळ दीड मीटर लांब असते. १ टक्का झीज म्हणजे तिची लांबी १५ मिलिमीटरने वाढली, पण अॅक्सल (चाकाचा आडवा दांडा) मागे जाईल फक्त साडेसात मिलिमीटर, कारण ती वाढ वरच्या आणि खालच्या अशा दोन बाजूंत वाटली जाते. म्हणून अॅडजस्टर थोडाच मागे गेलाय यावर निर्धास्त राहू नका.

फक्त चेन बदलली तर चालेल का? स्प्रॉकेट अजून बरे दिसतात.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकून सर्वांत जास्त नाराजी होते तीही इथेच.

जुनी चेन लांबली की तिचे रोलर दात्यांच्या तळाशी बसण्याऐवजी थोडे वर चढून बसतात आणि दात्याची एकच बाजू खरवडत राहतात. दात्यांना हळूहळू त्या लांबलेल्या चेनचा आकार येतो. मग तिथे नवी, नेमक्या मापाची चेन टाकली की तिचे रोलर त्या झिजलेल्या खोबणीत नीट बसत नाहीत. सगळा भार काही मोजक्या दात्यांवर येतो आणि नवी चेन तिच्या आयुष्याचा मोठा भाग पहिल्या काही हजार किलोमीटरमध्येच गमावते. उलटही तसंच: नव्या स्प्रॉकेटवर जुनी चेन टाकली तर ती नवे दाते खाते.

'बरे दिसतात' हे पाहायचं कसं, तेही सांगतो. स्प्रॉकेट बाजूने पाहा. नव्या दात्याच्या दोन्ही बाजू सारख्या उताराच्या असतात. झिजलेला दाता एका बाजूला कलतो, त्याचं टोक निमुळतं होतं आणि पुढे आकड्यासारखं वळतं. ही शेवटची अवस्था. त्याआधीची खूण म्हणजे दात्याच्या एका बाजूला रोलरने पाडलेली चकचकीत खळगी. नखाने कडा जाणवते. शंका असेल तर त्याच दाते-संख्येचं नवं स्प्रॉकेट वर ठेवून पाहा, फरक लगेच कळतो.

पुढचं स्प्रॉकेट आधी जातं. पुढे १४ आणि मागे ४२ दाते असतील तर पुढच्या प्रत्येक दात्यावर मागच्याच्या तिप्पट वेळा कडी येऊन आदळते. त्यामुळे चेन मर्यादेच्या आत आहे, मागचं स्प्रॉकेट ठणठणीत आहे आणि फक्त पुढचं थोडं झिजलंय, अशा वेळी पुढचं एकटं बदलणं शहाणपणाचं आहे. ही एवढी एक सवलत सोडली तर तिन्ही एकदमच बदला.

चेनवर कोरलेले ४२८, ५२० हे आकडे काय सांगतात?

पहिला आकडा म्हणजे पिच, एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर, इंचाच्या आठव्या भागांत. ४ म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. ५ म्हणजे पाच अष्टमांश इंच, १५.८७५ मिलिमीटर. उरलेले दोन आकडे आतल्या रुंदीचे, म्हणजे दाता ज्या फटीत शिरतो ती फट: २० म्हणजे पाव इंच (६.३५ मिलिमीटर), २५ आणि २८ म्हणजे सुमारे पाच षोडशांश इंच, ३० म्हणजे तीन अष्टमांश इंच (९.५ मिलिमीटर).

लहान गाड्यांना बहुधा ४२० किंवा ४२८, मधल्या गाड्यांना ५२०, मोठ्या इंजिनांना ५२५ किंवा ५३०. अपवाद भरपूर आहेत, त्यामुळे इंजिनाच्या सीसीवरून अंदाज बांधू नका. जुन्या चेनच्या बाहेरच्या पट्टीवर ब्रशने चिखल आणि ग्रीस काढा, माप तिथे कोरलेलं सापडतं. गाडी जुनी घेतलेली असेल तर आधीच्या मालकाने काय बसवलं होतं हे माहीत नसतं. म्हणून चेनवरचा आकडा आणि मॅन्युअलमधला आकडा दोन्ही पाहा.

आणि एच, ओ-रिंग, एक्स-रिंग ही अक्षरं?

एच म्हणजे हेवी. ४२८ आणि ४२८एच यांचा पिच, रोलर आणि आतली रुंदी सारखीच, फक्त पट्ट्या जाड. दोन्ही एकाच स्प्रॉकेटवर चालतात. मूळची एच असेल तर एचच घ्या. मूळची साधी असेल आणि एच टाकायची असेल तर चेनकव्हर आणि इंजिनाच्या केसपाशी (बाहेरच्या कवचापाशी) बाहेरची रुंदी कुठे घासत नाही ना, एवढं बघा.

ओ-रिंग आणि एक्स-रिंग ही रबरी सील. आतल्या आणि बाहेरच्या पट्टीच्या मध्ये प्रत्येक पिनवर एक रिंग असते आणि कारखान्यात पिन-बुशमध्ये भरलेलं ग्रीस ती आत कोंडून ठेवते. धूळ-पाणी बाहेर राहतं. चेनची झीज पिन आणि बुशमध्येच होते हे वर आलंच आहे, त्यामुळे या रिंगने आयुष्य किती वाढतं ते लक्षात येईल. ओ-रिंगचा काप गोल असतो. एक्स-रिंगचा काप इंग्रजी एक्ससारखा असून ती दोन बारीक कडांवर टेकते, म्हणून घर्षण कमी आणि सील जास्त टिकतं.

माझं मत विचाराल तर उघडी चेन असलेल्या, पाऊस-चिखलात रोज चालणाऱ्या गाडीला रिंगवाली चेन घ्या आणि जास्तीचा खर्च तिथेच करा. पूर्ण बंद चेनकव्हर असलेल्या लहान गाडीला मात्र साधी चेन छान टिकते, तिथे रिंगचा हट्ट नको. रिंगवाली चेन थोडी रुंद असते, ती त्या कव्हरमध्ये घासूही शकते.

कड्या किती हव्यात?

मॅन्युअलमध्ये असतात तितक्या. नसेल तर जुन्या चेनच्या कड्या मोजा, जोडकडी (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) धरून. संख्या सम येते, कारण आतली आणि बाहेरची कडी आलटून पालटून असते. चेन लांब मिळाली तर कापता येते, आखूड मिळाली तर परत करावी लागते. लांब चेन घेऊन अॅडजस्टर शेवटपर्यंत मागे ओढायचा हा मार्ग मात्र नको. पुढे झीज झाली की ताणायला जागाच उरत नाही.

५२५ किंवा ५३० काढून ५२० टाकली तर?

टाकता येते, रेसिंगमध्ये सर्रास टाकतात, कारण वजन कमी होतं. पिच तोच असला तरी रुंदी वेगळी, त्यामुळे दोन्ही स्प्रॉकेटही ५२० चेच लागतात. ५२० चेनमध्येही ताकदीचे बरेच वर्ग असतात. तुमच्या इंजिनाच्या ताकदीला चेन बनवणारी कंपनी कोणता वर्ग सुचवते ते पाहूनच घ्यायची. रोजच्या गाडीला या खटाटोपातून हाती फारसं काही लागत नाही. ४२८ वरून ५२० वर जाणं हा तर पिचचाच बदल आहे, तिथे मूळ मापावर राहिलेलं उत्तम.

पुढे एक दाता कमी किंवा जास्त केला तर नेमकं काय होतं?

मागचे दाते भागिले पुढचे दाते, हे गुणोत्तर. ४२ भागिले १४ म्हणजे ३. मागचं चाक एकदा फिरायला पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरतं.

पुढे १५ केले तर गुणोत्तर २.८. ज्या वेगाला इंजिन आधी ६००० फेरे घेत होतं तिथे आता ५६०० घेईल. मोठ्या रस्त्यावर इंजिन शांत वाटतं, हँडलची थरथर कमी होते. किंमत अशी की चढावर, डबलसीट असताना आणि उभ्या अवस्थेतून निघताना गाडी जड वाटते, क्लच जास्त सरकवावा लागतो आणि पहिला-दुसरा गिअर जास्त वापरला जातो. कमाल वेग वाढेलच असंही नाही. लहान इंजिनात तेवढी ताकदच उरलेली नसेल तर टॉप गिअरमध्ये वेग उलट कमी होतो.

पुढे १३ केले तर गुणोत्तर ३.२३, त्याच वेगाला सुमारे ६४६० फेरे. ओढ वाढते, घाटात मजा येते, सपाट रस्त्यावर इंजिन ओरडतं. मागे ४२ ऐवजी ४५ केले तरी जवळपास हाच परिणाम (३.२१). पुढचा एक दाता मागच्या तीन दात्यांच्या बरोबरीचा, हे ढोबळ गणित यातूनच आलं आहे. बारीक बदल हवा असेल तर मागचं बदला, झटपट आणि कमी खर्चात हवा असेल तर पुढचं.

लहान पुढच्या स्प्रॉकेटचे तोटे कोणी सांगत नाही. त्याच्यावरून जाताना प्रत्येक कडी जास्त वाकते, भार कमी दात्यांत वाटला जातो, म्हणून चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही लवकर झिजतात. शिवाय चेनची वरची बाजू खाली येऊन स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या हातावरच्या) रबरी पट्टीवर जास्त घासते. मोठ्या स्प्रॉकेटची अडचण वेगळी: इंजिनाच्या केसला आणि कव्हरला चेन लागते का ते आधी पाहावं लागतं.

लांबीचं काय? एकूण दोन दाते वाढले की चेनला साधारण एक कडी जास्त लागते. म्हणजे एका दात्यामागे अॅक्सल ४२८ चेनवर सुमारे ३ मिलिमीटर आणि ५२० वर सुमारे ४ मिलिमीटर पुढे येतं. एका दात्याचा फरक अॅडजस्टर सहज पचवतो. मागे तीन-चार दाते वाढवणार असाल तर चेन घेण्याआधीच हिशोब करा.

नवी गाडी असेल किंवा पहिल्यांदाच चेनसेट बदलत असाल तर मूळचे दाते ठेवा. कारखान्याने ते आकडे वजन, चढ, मायलेज आणि प्रदूषणाचे नियम सगळ्यांची सांगड घालून काढलेले असतात. मूळ गुणोत्तरावर काय खुपतं हे नक्की सांगता आलं तरच ते बदलावं.

दाते बदलल्यावर स्पीडोमीटर चुकतो का?

तो वेग कुठून मोजतो यावर आहे. पुढच्या किंवा मागच्या चाकावरून मोजत असेल तर काही फरक नाही. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून मोजत असेल तर चुकतो: १४ चे १५ केले की गाडी काट्यापेक्षा ७ टक्के जास्त वेगाने धावत असते आणि किलोमीटर कमी नोंदले जातात. १३ केले की उलट. फेरे आणि वेग यांच्या गुणोत्तरावरून गिअर ओळखणारा डिस्प्लेही काही गाड्यांत गोंधळतो.

स्टील की अॅल्युमिनियम?

पुढचं स्टीलच. मागचं रोजच्या वापरासाठी स्टील, तेही दात्यांना हार्डनिंग केलेलं. अॅल्युमिनियम हलकं असतं, चाकाशी फिरणारं वजन कमी होतं आणि दिसतंही देखणं, पण ते स्टीलपेक्षा बरंच लवकर झिजतं. ट्रॅकवर चालतं, चिखलाच्या रोजच्या रस्त्यावर परवडत नाही. स्टीलचे दाते आणि अॅल्युमिनियमचा मधला भाग अशी जोड-स्प्रॉकेटही मिळतात. वजनाची फारच हौस असेल तर ती बघा.

स्प्रॉकेट माझ्याच गाडीला बसेल याची खात्री कशी करायची?

दाते आणि चेनचं माप जुळलं तरी स्प्रॉकेट बसत नाही, असं पुष्कळदा होतं. मागच्या स्प्रॉकेटच्या मधल्या भोकाचं माप, बोल्टची संख्या आणि बोल्ट ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास, हे तिन्ही जुळावं लागतं. एकाच मॉडेलमध्ये ड्रम ब्रेक आणि डिस्क ब्रेकचा हब (चाकाचा मधला भाग) वेगळा असू शकतो, तारेचं चाक आणि अलॉय व्हील यांचाही. मॉडेलचं वर्ष बदललं की कधीकधी हबही बदलतो. म्हणून नुसतं गाडीचं नाव सांगू नका. वर्ष, ब्रेक आणि चाकाचा प्रकार सांगा.

पुढच्या स्प्रॉकेटला आतल्या खाचा शाफ्टवर जुळल्या पाहिजेत. आणखी एक गोष्ट हमखास सुटते, ती ऑफसेट. काही स्प्रॉकेटच्या एका बाजूला मधला भाग उंच असतो. ते उलटं बसलं किंवा दुसऱ्या उंचीचं आलं की चेन काही मिलिमीटर बाजूला पळते आणि अलाइनमेंट कितीही केलं तरी जुळत नाही. जुनं काढताना कोणती बाजू बाहेर होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही मोठ्या गाड्यांच्या पुढच्या स्प्रॉकेटला दोन्ही बाजूंना रबर चिकटवलेलं असतं, ते आवाज कमी करण्यासाठी. बिनरबराचं बसवलं तर गाडी चालते, पण चेनची एक घरघर सतत ऐकू येते.

जोडकडी क्लिपची घ्यावी की रिव्हेटची?

लहान इंजिनाच्या गाड्यांना क्लिप पुरते आणि रस्त्यात उघडताही येते. मोठ्या ताकदीच्या गाड्यांना रिव्हेटच. मॅन्युअल जे सांगतं ते पाळा, आणि जोडकडी त्या चेनसोबत आलेलीच वापरा. दुसऱ्या कंपनीची 'बसतेय ना' म्हणून लावलेली जोडकडी हा त्या साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा ठरतो. जुनी जोडकडी पुन्हा वापरू नका.

क्लिप लावताना दिशा महत्त्वाची. क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवी, उघडी बाजू मागे. घोळ होतो तो इथे: चेनची वरची बाजू मागून पुढे धावते आणि खालची पुढून मागे. म्हणजे जोडकडी वर असताना बंद तोंड पुढच्या चाकाकडे, तीच कडी फिरून खाली आली की बंद तोंड मागे दिसतं. दोन्ही बरोबर. उलटी लावली तर वाटेत काही आदळून किंवा घासून क्लिप निसटते. क्लिप दोन्ही पिनांच्या खाचेत पूर्ण बसली आहे ना, हे बोटाने हलवून आणि टॉर्च मारून पाहा.

रिव्हेटच्या जोडकडीत चार रिंग असतात. दोन पिनवर आधी, मग कडी आतून घालायची, मग उरलेल्या दोन, मग पट्टी. सोबत आलेल्या छोट्या पुडीतलं ग्रीस पिन आणि रिंगांना सगळीकडे लावा, ते टाकून द्यायला दिलेलं नसतं. पट्टी दाबताना शेजारच्या कडीची बाहेरची रुंदी व्हर्नियरने मोजा आणि तेवढीच येईपर्यंत दाबा. जास्त दाबली तर रिंग चिरडतात आणि कडी ताठ राहते. कमी दाबली तर ढिली. मग पिनचं डोकं टूलने फुलवायचं. फुलल्यावर व्यास किती हवा हे पाकिटावर लिहिलेलं असतं. डोक्याच्या कडेला तडा दिसला तर ती जोडकडी काढून नवी लावा. हातोडीने ठोकून रिव्हेट करणारे भेटतात, पण त्यात दोन्ही पिना सारख्या फुलतील याची काहीच खात्री नसते.

हे घरी जमेल का?

क्लिपची चेन असेल, नीट पाने आणि टॉर्क रेंच असेल तर जमेल. रिव्हेटची असेल तर चेन टूल विकत घ्या किंवा तेवढं काम गॅरेजमध्ये करून घ्या.

एक क्रम लक्षात ठेवा: पुढच्या स्प्रॉकेटचा नट जुनी चेन काढण्यापूर्वी सैल करायचा. आधी लॉक वॉशरचा वाकवलेला कान सरळ करा, गाडी गिअरमध्ये टाका, कोणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा आणि मग पाना लावा. चेन आधी काढली तर नुसतं स्प्रॉकेट फिरत राहतं आणि पुढचा तास तिथेच जातो. बऱ्याच लहान गाड्यांना मोठा नट नसून दोन बोल्ट आणि एक पातळ लॉक प्लेट असते. ते काम त्यामानाने सोपं. लॉक वॉशर मात्र नवाच लावा. तो पुन्हापुन्हा वाकवला की तुटतो.

चेनसेट बदलताना आणखी काय बघून घ्यावं?

मागच्या हबमधले झटके शोषणारे रबर. मागचं चाक धरून स्प्रॉकेट हाताने मागे-पुढे फिरवून पाहा; मोकळा खेळ असेल तर रबर गेले आहेत, आणि ते गेले की प्रत्येक गिअरचा झटका सरळ नव्या चेनवर येतो. स्प्रॉकेटच्या हबमधलं बेअरिंग, स्विंगआर्मवरची रबरी किंवा प्लास्टिकची पट्टी, आणि पुढच्या स्प्रॉकेटमागचं ऑइल सील हेही याच वेळी पाहा. कव्हर उघडलेलं असतानाच तिथली वर्षानुवर्षांची ग्रीस-मातीची वडी खरवडून काढा.

चेन किती सैल ठेवायची?

चेन मध्यावर किती वर-खाली हलावी, हा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांना तो २० ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान, लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना यापेक्षा जास्त. साइड स्टँडवर, मेन स्टँडवर की माणूस बसवून मोजायचं, हेही तिथे लिहिलेलं असतं आणि त्याने आकडा बदलतो. चाक फिरवत राहा आणि चेन सगळ्यात घट्ट लागते त्या ठिकाणी माप घ्या.

सैल चेनपेक्षा अति घट्ट चेन जास्त नुकसान करते, पण तिचा आवाज येत नाही म्हणून कोणी दखल घेत नाही. मागचं चाक वर-खाली होताना गिअरबॉक्सचा शाफ्ट, स्विंगआर्मचा पिव्होट (तो ज्याभोवती वर-खाली होतो तो सांधा) आणि अॅक्सल एका रेषेत आले की चेनला सर्वांत जास्त लांबी लागते. तेव्हा ढील उरलेली नसेल तर भार शाफ्टच्या बेअरिंगवर आणि सीलवर जातो. ती दुरुस्ती म्हणजे इंजिन उघडणं आलं.

चाक सरळ आहे हे कसं बघायचं? स्विंगआर्मवरच्या खुणा पुरतात का?

सुरुवातीला पुरतात, खात्रीला नाही. दोन्ही बाजूंनी पिव्होटच्या मध्यापासून अॅक्सलच्या मध्यापर्यंत अंतर मोजा, सारखं यायला हवं. मग मागून चेनच्या रेषेत नजर लावा. ती सरळ दिसली पाहिजे. मागच्या स्प्रॉकेटच्या दात्यांची एकच बाजू घासून चमकत असेल तर कुठेतरी वाकडेपणा आहे.

नवी चेन बसवल्यावर लगेच तेल घालायचं का?

कारखान्यातलं ग्रीस धुऊन काढू नका, ते गंज थांबवतं आणि पहिले काही दिवस पुरतं. दोन-तीनशे किलोमीटर झाले की ढील पुन्हा तपासा, नवी चेन सुरुवातीला थोडी बसते. त्यानंतर ५०० ते १००० किलोमीटरला आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर तेल. रिंगवाल्या चेनलाही लागतं: आतलं ग्रीस पिनसाठी आहे, रोलर, दाते आणि रबरासाठी तेल बाहेरूनच द्यावं लागतं.

साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल, थिनर, तारेचा ब्रश आणि प्रेशर वॉशरचा जवळून मारा रबरी रिंगांना मारक आहे. तेलासाठी रिंगला चालणारा चेन स्प्रे किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल, दोन्ही चालतं. बऱ्याच मॅन्युअलमध्ये गिअर ऑइलच सुचवलेलं असतं. गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना, खालच्या बाजूला आतून घाला आणि जास्तीचं पुसून टाका.

चाक हाताने फिरवा. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसणं किंवा तेल घालणं कधीही करू नका. फडकं चेनमध्ये अडकलं की त्यामागून बोटं जातात.

डुप्लिकेट माल ओळखता येतो का?

बऱ्यापैकी. चांगल्या चेनच्या पट्ट्यांवर कंपनीची खूण आणि माप स्वच्छ कोरलेलं असतं, पिनांची डोकी सगळी सारखी फुललेली असतात. चेन आडवी धरून पाहा: ती बाजूला फार झुकत असेल तर पिन-बुश नव्यानेच ढिले आहेत. स्प्रॉकेटच्या दात्यांना धारदार कड किंवा बोल्टच्या भोकांना ओबडधोबड कडा असतील तर ठेवून द्या. पाकिटावरचा ताणाच्या ताकदीचा मोठा आकडा पाहून भुलू नका. रस्त्यावरची चेन ताण न सोसून तुटण्याऐवजी झिजून संपते, आणि झीज ठरते पिन-बुशच्या धातूवर आणि हार्डनिंगवर.

नवा सेट बसवलाय तरी आवाज येतोय, का?

लयीत घरघर असेल तर चेन घट्ट आहे किंवा रेषेत नाही. अॅक्सिलरेटर सोडताना-धरताना खटकन आवाज आला तर ढील जास्त आहे किंवा हबचे रबर गेलेत. चाकाच्या ठरावीक फेऱ्यांनी एकच टकटक येत असेल तर जोडकडी पाहा, बहुतेक ती जास्त दाबली जाऊन ताठ झालेली असते. यातलं काहीच नसेल तर चेनगार्ड कुठे वाकलाय का ते बघा. चाक बसवताना तोच कोणाच्या तरी गुडघ्याने आत गेलेला असतो.